दोर कापण्याआधी

वाचनालयाच्या सभागृहात आम्ही महिन्यातून एकदा चित्रपट बघतो आणि मग कादंबरीवर बोलावं तसं त्यावर बोलतो. चर्चा मी चालवतो, आणि ती मलाच सगळ्यात जास्त आवडते. मिरकरवाड्यातले एक तांडेल, मच्छीमार बोटीचे म्होरके, न चुकता येतात. दाराजवळची खुर्ची आणि हातात सुतळीचा तुकडा. अंधारातही त्यांची बोटं गाठी मारत नि सोडवत असतात. बोलत मात्र कधीच नाहीत.

परवाच्या चित्रपटात वादळात सापडलेला तांडेल आपल्या बोटीमागे बांधलेल्या होडीचा दोर कापतो. होडीत त्याचा भाऊ असतो. मी म्हणालो, "हे पात्र मुळातच भित्रं आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तेवढा भाग परत लावा," दाराजवळून आवाज आला. बोटं थांबली होती.

मी लावला.

"कापायच्या आधी डोळे मिटलेन त्याने. बघितलात? भित्रा नाय तो. बोटीवर आणखी सहा माणसं होती."

मला ते दिसलंच नव्हतं. चिडून मी विचारलं, "एवढं बारीक तुमच्या कसं लक्षात आलं?"

त्यांनी सुतळी खिशात ठेवली.

"मी कापला, तेव्हा माझे उघडे होते."