ताईंच्या गॅरेजातला गुरुवार

बस डेपोच्या मागच्या गल्लीत, वळणावर एक गॅरेज आहे. पाटीवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली, पण कुणालाही विचारलं तर उत्तर मिळतं, "ताईंचं ना? ते काय, समोरच!"

ताई पन्नाशी ओलांडलेल्या. गॅरेज वडिलांचं. मोठ्या, जड मोटरसायकली ही त्यांची खासियत, आणि थोरल्या लेकीलाही इंजिनाचं वेड, म्हणून पाना तिच्या हातात आला. धाकटी लग्न होऊन दूर गेली. मग आई गेली, मग वडील अंथरुणाला खिळले. वर वडील, खाली गाड्या, असा जिना चढता-उतरता ताईंचं लग्नाचं वय कधी उलटलं, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वडील गेल्यावर वरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या उरल्या.

दिवसभर माणसांचा राबता असे, पण बोलणं ते किती? "काय झालंय?" "कधी मिळेल?" "उद्या येतो." बहिणीचा फोन यायचा तोही कामापुरता. संध्याकाळी शटर ओढल्यावर एखादा डबा हातातून पडला आणि तोंडातून "अगं बाई!" निघालं, तर स्वतःच्याच आवाजाने ताई दचकायच्या.

अशात एका गुरुवारी ड्रायव्हरसाहेब आले. जन्मभर बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक आरामखुर्ची घेतात, यांनी जुन्या घडणीची क्रूझर मोटरसायकल घेतली होती. काळी टाकी, चमचमतं क्रोम, रुंद हँडल, पाय पसरून बसायची ऐसपैस सीट आणि बोटांनी 'व्ही' करावा तसे तिरके उभे दोन सिलिंडर. घरच्यांनी डोक्याला हात लावला होता.

"ठोका चुकतोय हिचा," ते म्हणाले. "मधेच शिंकते."

"ठोका हिचा तसाही लंगडीच घालतो, साहेब. पण शिंकायला नको." ताईंनी गाडी सुरू केली, कार्ब्युरेटरच्या मागच्या जोडावर क्लीनरचा जरासा फवारा मारला. तत्क्षणी ठोका बदलला. "हे बघा. जोडाचं रबर चिरलंय, तिथून फुकटची हवा ओढतेय."

रबर बदललं, शिंक गेली. पण पुढच्या गुरुवारी साहेब पुन्हा हजर. आरसा हलत होता. त्यानंतरच्या गुरुवारी हॉर्नची पट्टी वाजत होती. मग सायलेन्सरच्या नळीवर पाय भाजू नये म्हणून जो क्रोमचा पत्रा असतो, तो खडखडायला लागला.

"दोन सिलिंडरची गाडी, थरथरणारच," ताई म्हणायच्या आणि पाना घ्यायच्या. काम पाच मिनिटांचं, पण साहेब बसायचे तासभर. डेपोतल्या गमती सांगायचे. शेवटच्या स्टॉपवरही न उठणाऱ्या प्रवाशाला कंडक्टरने चादर कशी पांघरली होती. एक म्हातारी रोज चढताना "सावकाश रे बाबा" आणि उतरताना "एवढा काय उशीर" कशी म्हणायची. ताई हसता हसता खोकायच्या. मग त्याही बोलायच्या, वडिलांबद्दल, आणि कार्ब्युरेटर पहिल्यांदा उघडला तेव्हा उरलेला एक स्क्रू भीतीने गिळायला निघाल्या होत्या त्याबद्दल. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तसं कुणी विचारलंही नव्हतं.

त्या पत्र्याच्या स्क्रूला ताईंनी घट्ट धरणारा निळा गोंद लावला. पुढच्या वेळी तोच स्क्रू पुन्हा सैल! थरथरीने तो गोंद सुटत नाही. स्क्रूच्या डोक्यावर एकही चरा नव्हता. कुणीतरी नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून, जपून, प्रेमाने तो सैल केला होता.

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टायरकडे बघत होते. ताईंनी स्क्रू आवळला आणि दुसरा चहा सांगितला.

पुढे बरेच महिने असेच गेले. बुधवारी रात्री ताईंना शांत झोप लागायची. गुरुवारी सकाळी त्या खुर्चीवरचं तेलकट फडकं उचलून ठेवायच्या.

मग एकदा ताईंना ताप आला आणि गॅरेज आठवडाभर बंद राहिलं. वर पडून त्यांनी छताकडे बघत दिवस काढले. बरं वाटल्यावर शटर उघडलं, तर दारातच तो लंगडा ठोका ऐकू आला, आणि ताईंना इतका आनंद झाला की जिभेवरचा ताबाच सुटला.

"अहो, दर वेळी बिचाऱ्या गाडीचे स्क्रू कशाला सैल करता? नुसतेच येत जा की!"

साहेबांचा चेहरा उतरला. "कुठले स्क्रू?" ते म्हणाले. त्यांनी हेल्मेट काढलंच नाही. "आज जरा घाईत आहे," म्हणत गाडी वळवली.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खरं. ताई स्वतःला बोल लावत राहिल्या. कामात काही अडलं नाही, पण गल्लीत जड गाडीचा आवाज आला की हातातला पाना थांबायचा. गाडी पुढे निघून गेली की पुन्हा चालू व्हायचा.

शेवटी एका दुपारी त्यांनी भर कामाच्या वेळी शटर ओढलं आणि खिशात एक रबरी सील टाकून साहेबांचं घर शोधत गेल्या.

दार सुनेने उघडलं. आत टीव्ही चालू, मिक्सर चालू, मुलगा फोनवर, नातीच्या कानात इयरफोनची बोंडं. साहेब गॅलरीत एकटेच बसले होते. समोर रस्ता. ताईंना पाहून ते गडबडून उठले.

ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, मागच्या वेळी पुशरॉडच्या नळीचं सील बदललं ना, मला जरा शंका येतेय. तेल पाझरेल. गाडी दाखवायला आणा."

साहेब हळूच म्हणाले, "सील तुम्ही बदललंच नव्हतं."

"म्हणूनच तर शंका आली!"

साहेब खुदकन हसले. सून आत गेल्यावर म्हणाले, "राग नव्हता हो ताई. पण 'बसायला जातो' म्हटलं की घरात चार प्रश्न. कुणाकडे, कशाला, या वयात? गाडीचं काम म्हटलं की कुणी मान वर करून बघत नाही. आणि तुम्ही एकट्या. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"मग गाडीचंच काम आहे," ताई म्हणाल्या. "गुरुवारी आणा."

त्या गुरुवारी ताईंनी चांगलं असलेलं सील खरोखर उघडलं आणि बदललं. यावर पुन्हा कुणी अक्षर काढलं नाही.

वर्षभराने साहेबांच्या मुलाची बदली झाली. नव्या शहरात घर अकराव्या मजल्यावर आणि खाली गाडी लावायला जागा नाही. गाडीला गिऱ्हाईक ठरलं. देण्याआधी साहेब गाडी पूर्ण सर्व्हिसिंगला घेऊन आले. ताईंनी त्या दिवशी दुसरी गाडी हातात घेतली नाही. इंजिन कोमट असताना तेल काढलं, फिल्टर बदलला, प्लग साफ केले, बेल्टचा ताण पाहिला, ब्रेक उघडले, एकेक बोल्ट तपासला. साहेब मागितल्याबरोबर पाना पुढे करत होते.

"चालवून बघायला हवी," काम संपल्यावर ताई म्हणाल्या. "बसा मागे."

"मी? मागे?" साहेब म्हणाले. "जन्मात कधी दुसऱ्याच्या हातात चाक दिलं नाही मी."

"मग आज द्या."

ते बसले. ताईंनी गाडी साहेबांच्या बसच्या जुन्या रूटवरून शेवटच्या स्टॉपपर्यंत नेली. प्रत्येक वळणावर मागून साहेबांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. परतताना मात्र तो पाय दाबायचा थांबला.

साहेब मुलाबरोबर नव्या शहरात गेले. पोहोचल्यावर त्यांचा एक फोन आला. मागे टीव्हीचा आवाज. "कसं काय?" "बरंय." "तिकडे ऊन?" "आहे." गाडी नाही म्हटल्यावर काय विचारायचं ते दोघांनाही सुचेना. "ठेवू का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि पुढे करायचा राहूनच गेला.

पुढच्या गुरुवारी ताईंनी एका स्कूटरचा क्लच बसवला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ताई पायरीवर बसून राहिल्या. मग साबणाने हात धुतले, वर गेल्या आणि बहिणीला फोन लावला.

"काय गं, काय झालं?" बहीण घाबरून म्हणाली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. काही झालं नाही."

"मग? काही हवंय का?"

"नाही. सहज केला."

"सहज?"

पलीकडे फोडणी चरचरत होती.

"थांब," बहीण म्हणाली, "गॅस बंद करून येते."