मढच्या अंगणातलं इंजिन

आमचा नंदूदादा जेवायला बसला की त्याचा उजवा गुडघा हलायचा. आई होती तोवर ती बोलता बोलता त्यावर हात ठेवायची, मग जरा वेळ थांबायचा. आई गेली आणि गुडघा मोकाट सुटला. मला त्या गुडघ्याचा भारी राग यायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस, मरोळला गाड्या दुरुस्तीची स्वतःची शेड, हाताखाली कामाला माणसं, आणि दोन घास स्वस्थ बसून खाता येऊ नयेत?

त्याला स्वस्थ बसू न देणारी बया शेडमध्ये उभी होती. पॅकार्ड. लांबलचक अमेरिकन गाडी, कुठल्याशा संस्थानिकाने हौसेने आणलेली, मग या हातातून त्या हातात जात घाटकोपरच्या श्यामसुंदरशेठकडे आलेली. शेठचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. बाहेरून गाडी राणीसारखी, पण बॉनेटखाली ट्रकचं डिझेल इंजिन. सुरू केली की काच न् काच खडखडायची.

दादा तरुणपणी कुर्ल्याच्या एका गॅरेजात होता. पेट्रोल परवडेना म्हणून तेव्हा लोक मोठ्या अमेरिकन गाड्यांत सरसकट डिझेल इंजिनं बसवून घेत. दादाने अशी कितीतरी मूळ इंजिनं उचलून बाहेर काढली आणि मालकाला ती मिळेल त्याला विकू दिली. तेव्हा त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. पॅकार्ड शेडमध्ये आली त्या दिवशी मात्र तो बॉनेट उघडून बराच वेळ वाकून राहिला. डिझेल इंजिन ज्या पट्ट्यांवर बसवलं होतं त्यांचं वेल्डिंग त्याच्याच हातचं होतं.

तेव्हापासून माणूस पार कामातून गेला. अमेरिकेतल्या जुन्या गाडीवाल्यांना पत्रं घालून माहिती मागवली, चोरबाजार पालथा घातला, फोर्टातल्या पुस्तकांच्या फुटपाथवर उकिडवा बसून राहिला. मला म्हणायचा, "सुलू, गाडीच्या पत्र्यावर आहे ना, तोच नंबर इंजिनावर असतो. जोडीने जन्मलेली असतात ती."

"मग तू तोडलीस कशाला?" मी म्हणायचे. माझी जीभ तशी तिखटच.

त्यात शेठने मुदत घातली. "नंदूभाय, तुळशीच्या लग्नापर्यंत ओरिजिनल इंजिन बसवलं तर ठीक, अस्सल जुनी गाडी म्हणून भाडं येईल. नाय तर छप्पर कापून टाकते मी. वरातीत नवरदेव उभा राहिला पाहिजे, लोकांना दिसला पाहिजे ना!"

त्या छपराला कुठे सांधा नव्हता. एकाच पत्र्याचं, मागे उतरत गेलेलं. शेठ गेल्यावर दादा त्यावर हात फिरवत राहिला, आणि मला पहिल्यांदाच त्याच्यासाठी वाईट वाटलं.

आठवून आठवून त्याने इंजिनाचा माग काढला. ते मढच्या महादू कोळ्याने होडीसाठी नेलं होतं. "तू चल बरोबर," दादा मला म्हणाला. "बाईमाणूस असलं की लोक अंगणात तरी उभं करतात." आम्ही वर्सोव्याहून तरीने मढला गेलो.

महादू वारला होता. होडी मोडली होती. त्याची बायको सगुणा बोंबील वाळत घालत होती, आणि अंगणाच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, ते इंजिन लाकडी ओंडक्यांवर बसवलेलं होतं. दर दसऱ्याला लावलेल्या हळद-कुंकवाचे नि तेलाचे थरावर थर. वर सुकलेला झेंडू.

दादाला धीर कुठला! मी सगुणाबाईशी दोन शब्द बोलतेय तोवर त्याने खिशातून पटाशी काढली आणि नंबर बघायला खरवडायला लागला.

"आरं ए! काय करतंस?" सगुणाबाई धावली. "दसऱ्याचं कुंकू हाय ते! मना इचारलंस काय?"

"मावशी, फक्त नंबर..."

"माजे घोवाचं हाय ते. वाऱ्यापावसातून ह्यानीच घरी आनलं त्याला दर वेली. तू कोन पुसनारा? इंजिन नाय मिलनार. नीघ!"

नंबर जुळला होता. तरीतून परतताना दादा हसत होता आणि रडकुंडीलाही आला होता. मी त्याला वाट्टेल तसं बोलले. लाज कशी नाही वाटली, म्हटलं. तो म्हणाला, "वाटली गो. पण हात थांबले नाहीत."

त्यानंतर तो दोनदा एकटा गेला, दोन्ही वेळा तिने अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. दसऱ्याला मीच त्याला हळद-कुंकू, नारळ आणि झेंडूची माळ घेऊन दिली आणि बरोबर गेले. खरवडलेल्या जागी त्याने स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. मग तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. हे इंजिन गाडीतून मीच काढलं होतं, आता त्या गाडीचं छप्पर कापणार आहेत, सगळं.

सगुणाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ह्याचा आवाज खाडीच्या तोंडाशी येला का मी लांबून वलखायचे. पाटी उचलून बंदराव हजर. मंग? नीघल का आवाज त्याचा?"

दादाने थाप मारली असती तर मी तिथेच त्याचा कान धरला असता. पण तो म्हणाला, "खात्री नाही मावशी. खाऱ्या पाण्याने आतून खाल्लंय. पण इथे पडून राहिलं तर कधीच निघणार नाही."

"मंग ने. आवाज नीघला तं मना ऐकव. नाय नीघला तं हितंच आनून ठेव."

पुढचे दिवस दादाचे कसे गेले ते विचारू नका. गंजाचे पापुद्रे निघत, एक भाग जमला की दुसरा फुटे. घरी आला तरी इकडून तिकडे येरझाऱ्या. मलाही झोप लागेना. एकदाचं ते सुरू झालं तेव्हा तुळशीचं लग्न दारात आलं होतं. आवाज इतका मऊ की शेठ दोनदा म्हणाला, "चालू आहे?" मग छपरावर थाप मारून म्हणाला, "राहू दे असंच." मी पेढे आणायला निघाले.

दादाचा चेहरा मात्र पडलेलाच. "हा आवाज सगुणाबाईने ऐकलेला नाही," तो म्हणाला. "होडीत सायलेन्सर नव्हता."

दुसऱ्या दिवशी शेठच्या नकळत आम्ही पॅकार्ड मार्व्याच्या रस्त्याने मढला नेली. गल्ल्यांतून ती जाणं शक्यच नव्हतं. गावाच्या तोंडाशी थांबवून दादा चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरला, सायलेन्सर सोडवला आणि बाहेर येऊन इंजिन सुरू केलं. केवढा तो आवाज! कावळे उडाले, कुत्री भुंकत सुटली.

"मी तिला बोलावून आणते," मी ओरडून म्हटलं.

"थांब."

गल्लीतून सगुणाबाई जवळजवळ पळतच आली. पदर खोचलेला, कमरेवर मासळीची रिकामी पाटी. तिने गाडीकडे पाहिलंच नाही. आधी पाहिलं ते समुद्राकडे.

मग आमच्याकडे. मग हातातल्या पाटीकडे.

"ही कशाला आनली मी?" तिने मलाच विचारलं. तिने पाटी गाडीसमोर ठेवली आणि बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली.

दादा स्टिअरिंगवर बसून होता आणि त्याचा गुडघा अजून हलत होता. मी दारातून आत वाकले आणि त्यावर हात ठेवला. "बंद कर आता," मी म्हटलं. "सगळं गाव गोळा होईल."

"ऱ्हाऊ दे गं," सगुणाबाई म्हणाली. "जरा चालू दे."