उपवासाच्या दिवशी एकच गोळी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. जळगावात वीस वर्षं दवाखाना चालवते आहे, वर दहा खाटांचं छोटं रुग्णालय आहे, आणि जिन्यावर चार माणसं एकदम चढताना ऐकली की आजही मी हातातलं काम सोडून दाराकडे बघते. माझा धुळ्याचा मित्र, माझ्याहून कितीतरी हुशार डॉक्टर, त्याच्याकडे एक रुग्ण दगावला आणि अर्ध्या तासात काचा फुटल्या. काचा पुन्हा बसल्या. केस मात्र अजून चालू आहे. तेव्हापासून तो कुणाशी मोकळं बोलत नाही, आणि मला भेटला की एकच मंत्र देतो, “जे बोलशील ते कमी बोल, जे लिहिशील ते विचार करून लिही.”

आणि माझी चूक नेमकी लिहिण्यातच झाली.

सांधेवाताची एक गोळी असते. हात सुजलेले, बोटं वाकायला लागलेली, सकाळी चपातीचं पीठ मळता येत नाही, अशा बायकांना तिनं फार बरं वाटतं. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर शरीरात रक्त तयार होणंच बंद पडायला लागतं, तोंड सोलून निघतं, आणि नंतर काहीही होऊ शकतं. आम्ही डॉक्टर मंडळी हे घोकून सांगतो, तरी माणसं विसरतात. एकीनं जेव्हा दुखलं तेव्हा घेतली होती, डोकेदुखीच्या गोळीसारखी. मग याच वर्षी मी एक युक्ती काढली. बाईला विचारायचं, “उपवास कुठला करता?” ती सोमवार म्हणाली, गुरुवार म्हणाली, की चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहायचं, “उपवासाच्या दिवशी, संध्याकाळी जेवल्यावर, एकच गोळी.” बाई एक वेळ वार विसरेल, उपवास विसरणार नाही. या युक्तीचा मला इतका अभिमान होता की डॉक्टरांच्या एका बैठकीत मी ती उभं राहून सांगितली होती. टाळ्यासुद्धा वाजल्या होत्या.

नवरात्रात सातव्या माळेला एरंडोलकडच्या एका खेड्यातून एक अक्का आल्या. साठीच्या, शेतात राबलेल्या, दोन वर्षांपासून माझ्याच उपचाराखाली. त्यांना आबांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, जवळजवळ उचलूनच वर आणलं. अंगात ताप, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या. तोंड उघडायला सांगितलं तर उघडवेना. आबा म्हणाले, उपवासाची उष्णता बाधली असेल. घरात कुणालाच संशय आला नव्हता, कारण नवरात्रात ही बाई काही खात नाही यात नवल ते काय.

मी सवयीनं विचारलं, “अक्का, सांध्याची गोळी कधी घेतली शेवटची?”

“काल,” त्या कशाबशा म्हणाल्या. “आनि परवा. तुम्हीच सांगेल व्हतं ना, उपवासना दिन एक गोळी. आते त रोजच उपवास शे. मी एक बी चुकाडी नही.”

मी बोटांवर मोजलं. सहा माळा, सहा गोळ्या. दर महिन्याला एसटीनं हेलपाटा नको म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मीच लिहून दिल्या होत्या. तेही माझं कौतुकास्पद शहाणपण.

हात मात्र चालत राहिले, एवढं स्वतःबद्दल म्हणू शकते. रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं, उताऱ्याची इंजेक्शनं तीन औषध दुकानं पालथी घालून मिळवली. तासाभरात रिपोर्ट आला. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्या होत्या की मी कागद दोनदा वाचला. साधा जंतूसुद्धा आता अक्कांना पुरला असता.

आबा दाराशी उभे होते. “काय व्हयनं तिले?”

“इन्फेक्शन आहे,” मी म्हणाले. “जोराचं आहे.”

खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी मी धुळ्याला फोन लावला. मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच कामाचं बोलायला लागला. “पुढे पाठवून दे. मुंबईला, नाशिकला, कुठेही. तुझ्या छपराखाली काही व्हायला नको. आणि ती चिठ्ठी कुठे आहे? तुझ्या अक्षरातली? ती आधी ताब्यात घे. फाइलला लावायचीय म्हणून माग, ते देतील.”

अक्कांना तशा अवस्थेत गाडीतून हलवणं म्हणजे वाटेतच मारणं होतं, म्हणून ते मी केलं नाही. पण चिठ्ठी मागितली. हे लिहिताना लाज वाटते, पण मागितली. आबांना म्हणाले, “जुनी चिठ्ठी लागेल, फाइलला.”

“चिठ्ठी घर शे. देव्हारामा ठेयेल शे,” ते म्हणाले, आणि लगेच मोटारसायकलला किक मारून निघाले. बायको तापानं फणफणलेली असताना मी त्या माणसाला माझी कातडी वाचवायला गावी पिटाळलं.

ते गेल्यावर मी खोलीत बसून राहिले. चिठ्ठी आल्यावर तिचं काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. पण टेबलाच्या कप्प्यात नव्या कागदांचा गठ्ठा होता, आणि त्यावर जुनी तारीख घालून सोमवार लिहायला दोन मिनिटं पुरली असती. एवढा विचार मी नक्की केला होता. अक्कांच्या मागच्या नोंदी काय आहेत ते बघायला मी रजिस्टर उघडलं. आणि मग मागची सगळीच पानं उलटत गेले.

उपवासाच्या दिवशी एक. उपवासाच्या दिवशी एक. माझंच अक्षर, पानोपानी. पहूर, असोदा, जामनेर, एरंडोल. अक्का धरून चौदा बायका.

खाली चौकातल्या देवीसमोर आरतीची तयारी चालली होती, लाउडस्पीकरची खरखर सुरू झाली होती. साडेपाच वाजले होते. आरती झाली की घरोघरी त्या दिवसापुरता उपवास सुटणार, आणि उपवास सुटला की बायका आठवणीनं, माझ्या युक्तीनं, सातवी गोळी घेणार. मित्राचं आणखी एक वाक्य डोक्यात होतं, “कुणाला फोन करू नकोस, आजकाल सगळे रेकॉर्ड होतात.” मला रडू येत होतं. भीतीनं, दुसऱ्या कशानं नाही. मी पहिला नंबर लावला.

“मी डॉक्टरबाई बोलतेय, जळगावहून. ती सांध्याची गोळी घेऊ नका. रोज घेताय का? नाही? बरं. मी चुकीचं लिहिलं होतं. हो, माझं चुकलं.”

पहिल्यांदा हे वाक्य मी घाईघाईत उरकलं. पाचव्या फोनपर्यंत सवय झाली. बऱ्याच जणी उठता-बसता करणाऱ्या, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच उपवास धरणाऱ्या निघाल्या. पहूरच्या एकीला तिच्या सुनेनं दटावून थांबवलं होतं, त्या सुनेचे पाय धरावेसे वाटले. तेराव्या नंबरला मी परत म्हणाले, “माझं चुकलं. एका अक्कांना फार त्रास झालाय त्यानं,” आणि वर पाहिलं तर दारात आबा उभे होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी, तिला कुंकू लागलेलं.

किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही. फोन खाली ठेवला. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि ते उंचपुरे होते.

“म्हंजे तिनं काही चुकनं नही?” ते म्हणाले.

“नाही. चूक माझी. गोळी रोज घ्यायची नसते. मी वार लिहायला पाहिजे होता.”

त्यांनी टेबलावरच्या उघड्या रजिस्टरकडे पाहिलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. आता ओरडतील, आता गावाला फोन करतील, आता जिन्यावर पावलं वाजतील. चौकात आरती सुरू झाली.

“कोन ऱ्हायनं आते?” त्यांनी रजिस्टरकडे बोट केलं.

“असोद्याच्या एक आहेत. फोन लागत नाही.”

“तिले मी वळखस. आठेच बाकवर दोन्ही बठेल व्हत्या.” अक्का नेहमी जिथे बसत त्या बाहेरच्या बाकाकडे मान हलवून ते वळले. “तुम्ही फोन लावत ऱ्हा, मी जास.”

मी हात पुढे केला होता, चिठ्ठीसाठी. ते मला आत्ता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि ती सदऱ्याच्या खिशात घालून बटण लावलं.

“हाई तिले दाखाडनी पडी. तोंडी सांगेल ती मानाव नही.”

तासाभरात ते असोद्याच्या बाईंना मागे बसवून घेऊनच आले. त्यांचंही तोंड आलं होतं, पण पेशी अजून तग धरून होत्या. मी त्यांना अक्कांच्या शेजारच्या खोलीत ठेवलं.

पुढचे नऊ दिवस मी घरी नुसती अंघोळीला जात होते. सकाळी सगळ्यांत आधी रिपोर्ट उघडायची. जिना वाजला की मी उठून उभी राहायची, आणि दर वेळी आबाच वर येत असायचे, हातात चहाचा थर्मास. माझ्याशी ते गरजेपुरतंच बोलत. चिठ्ठी खिशात असायची, कापडातून चौकोन दिसायचा. दसरा झाला, चौकातला मंडप निघाला, आणि एका सकाळी अक्कांच्या पेशी वर सरकल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

घरी जायच्या दिवशी अक्कांनी वरणभात खाल्ला आणि मलाच विचारलं, पुढच्या नवरात्रात उपवास धरला तर चालेल का. आबांनी खिशाचं बटण काढलं, पिशवीतली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

“लिखा,” ते म्हणाले.

मी लिहिलं, ही गोळी बंद केली आहे, पुन्हा कधीही घेऊ नये. सही केली, तारीख घातली, कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी एकेक शब्द वाचला आणि कागद परत माझ्याकडे ढकलला.

“काबर बंद करी, ते बी लिखा.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते नुसते थांबले होते. मग मी कारणही लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली माझा शिक्का मारला. आबांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, चिठ्ठी पिशवीत घातली आणि खिशाचं बटण लावलं.