नितीनच्या गाण्यातली रिकामी जागा

तीस वर्षं रिपोर्टिंग केलं की छापून आलेलं विसरायला होतं आणि डेस्कने कापलेलं तेवढं साठत जातं. नितीनच्या गाण्याचं माझ्याकडे असंच गाठोडं झालंय. परवा एका पेपरने छापलं, गाणं हिट झालं ते म्हणे एजन्सीच्या मार्केटिंगमुळे. साफ खोटं! मी तिथे होतो.

नितीन लालबागला माझ्या शेजारच्या खोलीतला. त्याचे बाबा चाळीत गाऱ्हाणं घालायचे. देवापुढे एकेक मागणं मांडून थांबायचे, की आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" बारा वर्षांपूर्वी चष्मा दुरुस्त करून आणतो म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. त्यांच्यासाठी नितीनने हे रॉक बॅलड रचलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "बाबा, येताय ना?" आणि मग चार ठोके सगळी वाद्यं बंद. बाबांसाठी रिकामी ठेवलेली जागा.

*

रेकॉर्डिंग परळला. साउंड इंजिनियर लखनौचा, मुंबईत दोनच महिने झालेले. पहिल्याच टेकला ती जागा आली आणि काचेपलीकडून आवाज, "व्हय म्हाराजा!"

नितीन भडकला. "मस्करी करतोस काय रे?"

इंजिनियर घामाघूम. "भाई, ये मैंने क्या बोला?"

*

गाणं नेटवर टाकलं. महिनाभर कुत्रं फिरकलं नाही. मग लालबागच्या मसाल्याच्या गिरणीत कुणीतरी मोबाइलवर लावलं. रांगेत वीसेक बाया, गप्पा रंगलेल्या. जागा आली, गप्पा तुटल्या, आणि सगळ्या एका सुरात, "व्हय म्हाराजा!" लगेच गप्पा पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही! गिरणीवाल्याने व्हिडिओ काढला होता, तो घरोघर पोचला. हेच ते मार्केटिंग!

आमच्या संपादकांनी विचारलं, "बाया कुठल्या एजन्सीच्या?"

"मिरचीच्या," म्हटलं, "तुम्हाला झोंबलीय ना, तिच्याच!"

बातमी कापली गेली.

*

खोताच्या वाडीतल्या एका आंटीची वाचा झटक्याने गेली होती. दोन वर्षं शब्द नाही. मुलीने गाणं लावलं आणि आंटी खणखणीत म्हणाली, "व्हय!" मुलगी आनंदाने रडायलाच लागली.

आंटीने तिचा हात घट्ट धरला. "ते मी नाय बोलले."

*

नितीनची आई, म्हणजे आमच्या वहिनी. बारा वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांचे धाकटे दीर गावाहून आले. बेपत्ता माणसाचे विधी आता उरकावेत, म्हणाले. वहिनी ताडकन उठल्या.

"सगळ्या मुंबईच्या तोंडून ते हो म्हणतायत आणि तुम्ही पिंड द्यायला निघालात, भावोजी?"



*

मग परळच्या मैदानातला कार्यक्रम. मैदान खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत वहिनी, शेजारी दीर, मागे मी. प्रत्येक जागेला सगळं मैदान गर्जत होतं, "व्हय म्हाराजा!" वहिनी डोळे मिटून हसत होत्या.

शेवटच्या कडव्याला नितीनने ओळ बदलली. कुणालाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, जिवंत आहात ना?"

वाद्यं थांबली. एक ठोका. दोन. माझं तोंड उघडलेलं होतं, जीभ हलेना. आजूबाजूला बघितलं. सगळ्यांची तोंडं तशीच उघडी. तीन. चार.

पूर्ण मैदानात आवाज नाही.

वहिनींनी डोळे उघडले.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "भटजींना विचारा, कुठला दिवस धरायचा."