फसणारी सवाष्ण

यमुनाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "कितवा लागला वं?"

माझ्या लग्नाला बारा दिवस झाले होते! लाजेनं अर्धमेली होत म्हटलं, "अहो, हे पाहुणचाराचं पोट आहे."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मंग कायले आलीस?"

मी विरजण मागायला गेले होते.

आंधळगावात आमच्या शेजारीच त्यांचं घर. विधवा, एकट्या, मांडीवर रेशमाच्या कोशाचं सूत काढून पोट भरायच्या. नको असताना दिवस गेलेल्या पोरी जिल्हाभरातून त्यांच्याकडे यायच्या. सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं : "पाडाचं असन त दुसरं दार पाह्य. जन्माले घालाचं असन त माही चूल पेटलीच हाये." बाळंतपण करायच्या, पुढचंही मार्गी लावायच्या. म्हणूनच गल्लीतली एकही बाई त्यांचा उंबरा ओलांडत नसे. सणाला त्यांच्याकडे वाण नाही, लग्नाला आवतण नाही.

शहात्तरच्या सुमाराला दिघोरीकडची सुमन आली. लग्नाचं वचन देणारा पळाला होता. तिचं पोट पाडायला निघालेल्या तिच्या आईकडून यमुनाबाईंनी तिला अक्षरशः मागून घेतली. पण सातवा लागला तरी सुमन धड जेवेना. "हे जगून तरी काय करन?" एवढंच म्हणायची.

एका दुपारी हाक आली, "सूनबाई, जरा सूत धराले ये वं!"

गेले, तर सूत कुठेच नाही. पाटावर हिरव्या लुगड्यात सुमन. ताटात तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकू.

"भर ओटी," यमुनाबाई म्हणाल्या.

"मी?"

"मंग का मी भरू?" त्यांनी आपल्या मोकळ्या कपाळाकडे बोट केलं. "सवाशीण पायजे. गावात ढीगभर हायेत, पन फसनारी तूच एक."

आणि आपली सावलीसुद्धा नको म्हणून त्या अंगणात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई! घाईघाईनं कुंकू लावलं, पदरात चिमूटभर तांदूळ घातले. बाहेरून हुकूम सुटला, "भरून वंजळ घाल! तांदूळ माहे हायेत, तुह्या सासूचे नाई!"

सुमन रडता रडता फसकन हसली. त्या दुपारी ती दोनदा भात मागून जेवली. सासूबाई माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. आमच्या घरात ती सुट्टीच.

सुमनला मुलगी झाली. यमुनाबाईंनी साकोलीचा एक बिजवर दुकानदार गाठला. त्याला सगळं खरं सांगितलं. त्याच्या घरच्यांना मात्र, सुमन विधवा आहे म्हणून. दोघी मायलेकी त्या घरात रुजल्या.

सहा-सात वर्षांनी यमुनाबाई आणि मी कामानिमित्त साकोलीला गेलो होतो. बसस्टँडवर समोर सुमन! सोबत तिची सासू, हाताशी दोन वेण्यांची पोर. मी हात उंचावला, तोंड उघडलं. यमुनाबाईंनी मला असा चिमटा काढला की हाक घशातच राहिली. त्या भिंतीकडे वळून बसचं वेळापत्रक वाचू लागल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं.

"काहून वं?" मी कळवळून विचारलं.

"तिच्या सासूनं तुले-मले संगं पाह्यलं, अन् सुमन आपल्याशी बोलली, त संपलं. माह्या घरी कशा पोरी राहतेत, जिल्ह्याले ठाऊक हाये."

सुमननं आमच्याकडे पाहिलं. पोरीचा हात घट्ट धरून ती सासूमागून बसमध्ये चढली. बस सुटली.

"गेली?" भिंतीकडेच तोंड करून यमुनाबाईंनी विचारलं.

"गेली."

"पोरगी कशी दिसते वं?"