राणीची द्राक्षं

इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे कॉकर स्पॅनियल आहे. मध्यम चणीची, लांब कानांची कुत्री, नाव राणी. तिचे कान ओले राहिले की चिघळतात, म्हणून काका ते रोज पुसतात आणि स्वतःच्या कंगव्याने तिचे केस विंचरतात. पण खाण्यापिण्यात ते कुणाचंही ऐकत नाहीत. द्राक्षांच्या हंगामात एक मणी स्वतःच्या तोंडात, एक राणीच्या.

"काका, द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मी वाचलंय," मी तीनदा सांगितलं.

"गप रे! नाशिकची कुत्री आहे ती. द्राक्षं नाही खाणार तर काय सफरचंदं खाईल?"

मला शहरातली पहिली खोली त्यांनीच मिळवून दिली होती, म्हणून मी जिना चढून वर गेलो.

मार्चमध्ये राणी उलट्या करून निपचित पडली. डॉक्टरांनी तीन दिवस सलाईन लावलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन काका तिथेच बसून राहिले. मी नेलेला डबाही त्यांनी उघडला नाही. राणी वाचली.

परवा वडिलांनी कळवणहून द्राक्षांची पेटी पाठवली. ती घेऊन जिना चढताना काकांनी मला अडवलं.

"वर नेऊन दार लावून घे. कुत्र्यांना हे चालत नाही. शिकलेली पोरं तुम्ही, एवढंही वाचत नाही?"

"हो काका," मी म्हणालो आणि पेटी वर नेली.