ओट्यापाशी ऐकू आलं पाहिजे

सुरतेला प्लेग आला आणि इकडे सिल्वासातल्या सगळ्या आया मास्तरणी झाल्या. आता सुरत कुठे नि सिल्वासा कुठे! पण भीतीला कुठलं आलंय अंतर? वापीला गाडीतून उतरलेली माणसं तोंडाला रुमाल बांधून येत होती, औषधांच्या दुकानात टेट्रासायक्लिनची कॅप्सूल मिळेना झाली होती, आणि सरकारी कॉलनीत जिन्याखाली उंदीर मेलाय म्हणून बायका नाकाला पदर लावून गच्चीवर जाऊन बसल्या होत्या. तो उंदीर नव्हता, कुणाचा तरी काळा मोजा होता. ते असो. शाळा बंद झाल्या आणि पोरं घरात आली.

बाकीच्या बायकांनी कपाळाला हात लावला. जया मात्र मनातून खूश झाली. का होणार नाही? बाई रत्नागिरीची डी.एड. लग्नाआधीपासून चिपळूणजवळच्या शाळेत शिकवणारी. पुढे नवऱ्याची, श्रीकांतची, बदली इकडे बांधकाम खात्यात झाली, तिची नोकरी सुटली आणि खडू हातातून गेला तो गेलाच. पण ताठा गेला नव्हता. कॉलनीत कुणाचं पोर नापास झालं की जया भाजी निवडता निवडता म्हणायची, "घरात लक्ष नसलं की असंच व्हायचं." समोरची बाई आपली भाजी उचलून घरी जायची. तुम्ही तरी काय बोलला असता? जयाच्या घरात रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की परवचा, पाढे, मग वाचन. ती ओट्यापाशी भाकऱ्या थापायची, मुलं बाहेरच्या खोलीत बसायची आणि आतून हुकूम यायचा, "मोठ्यानं वाचा! मला इथं ओट्यापाशी ऐकू आलं पाहिजे!"

मुलं तीन. थोरला तुषार दहावीत, मराठी शाळेत. मधला प्रसाद सहावीत आणि धाकटी शीतल तिसरीत, ही दोघं गुजराती शाळेत. त्याचं असं झालं की इकडे आले तेव्हा श्रीकांतच्या साहेबांनी सांगितलं, इथं राहायचं तर लहान मुलांना गुजरातीत घाला, पुढे नोकरीला बरं पडतं. साहेबांनी सांगितलं म्हणजे झालंच! प्रसादची चिपळूणला पहिली जेमतेम झाली होती, ग म भ न आता कुठे बसत होतं. त्याला उचलून गुजराती दुसरीत बसवला. जया म्हणाली, "त्यात काय एवढं? गुजराती म्हणजे वरची रेघ नसलेलं मराठी." हे वाक्य ती सगळ्यांना हसून सांगायची.

आणि खरंच, काही अडलं नाही. पोरगा हुशार निघाला. वाचायला बसला की झरझर, न अडखळता, गुजराती शाळेतल्या बेन, म्हणजे बाई, वाचतात तशा हेलात. अक्षर तर असं की बघत राहावं. जयाला गुजराती ऐकून कळायचं, भाजीवाल्याशी भांडण्याइतकं बोलताही यायचं. प्रसादचा आवाज आतपर्यंत आला की ती पिठाचे हात तसेच ठेवून क्षणभर ऐकत उभी राहायची. तिघांत हाच माझ्यावर गेलाय, असं ती श्रीकांतला पुन्हा पुन्हा ऐकवायची.

तर त्या आठवड्यात तिनं बाहेरच्या खोलीत शाळाच मांडली. तुषारला भूमिती देऊन खिडकीशी बसवलं. प्रसाद आणि शीतल सतरंजीवर. शेजारच्या चाळीतली सरुबाई आपल्या वैशालीला घेऊन आली. ही माणसं धुळ्याकडची, नवरा धाग्याच्या कंपनीत पाळीवर. सरुबाई दारातूनच म्हणाली, "ताई, हिले बी बसू द्या ना. घरात नुसतं डोकं खाते." वैशाली दुसरीत, तीही गुजराती शाळेतलीच. जयानं तिला प्रसादच्या बाजूला बसवलं आणि सांगितलं, "दादा वाचेल, तू त्याच्या पुस्तकात बोट ठेवून शब्द शोधत जायचं. कळलं?" वैशालीनं मान डोलावली.

जया आत गेली. प्रसादनं सुरू केलं. करोळियो म्हणजे कोळ्याचा धडा, कोळी पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. छान चाललं होतं. तेवढ्यात वैशालीचा बारीक आवाज आला, "दादा, कुठे आहे ते? मला जडत नाय, शब्द दिसतच नाय."

प्रसाद वाचतच राहिला.

"दादा, इथे तर ऊंट लिहिलंय ने! चित्रपण ऊंटाचं आहे. तू तर करोळियो बोलतो!"

आणि मग वैशाली जोरात ओरडली, "आई गं! काकी, ही मला चिमटा काढते!"

जया बाहेर आली ती शीतलला रागवायला. पण समोर बघते तर शीतल पांढरीफटक, प्रसादनं पुस्तक छातीशी धरलेलं, आणि वैशाली दंड चोळत म्हणतेय, "मी खोटं नाय बोलत काकी. पान ऊंटाचं आहे."

जयानं पुस्तक ओढून घेतलं. पानावर खरोखरच उंट होता. त्याच्या खालच्या ओळींत काय लिहिलंय ते मात्र तिला काही केल्या लागेना. दोन-चार अक्षरं ओळखीची, बाकी सगळा अंधार. डी.एड.वाल्या बाईला दुसरीतल्या पोरीच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं! तिनं टीपॉयवरचा मराठी पेपर उचलला आणि प्रसादपुढे टाकला. "हे वाच."

"घसा दुखतोय," प्रसाद म्हणाला.

"काय?"

"घसा दुखतोय. ताप पण आलाय मला."

हे राम! घसा, ताप, आणि गावात सगळीकडे तोच विषय. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला, बगलेत घातला. गाठ आहे का चाचपून पाहिलं. "तुषार, बाबांना फोन कर, पळ!" ती किंचाळली. वैशालीला तिनं दाराकडे ढकललं. तुषार चप्पल घालायला धावला आणि तेवढ्यात प्रसाद रडू लागला, "नाही आई, नाही. ताप नाहीये. मी खोटं बोललो. मला वाचता येत नाही."

जया मटकन खाली बसली. पोराला प्लेग चालला, पण वाचणं नको! अकरा वर्षांच्या मुलानं आईला मरणाची भीती घालणं पसंत केलं, पण पेपर हातात घेतला नाही. तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारलं. मराठीतलं 'क' ओळखलं, 'म' ओळखलं. 'भ' म्हटल्यावर तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. अक्षराकडे नाही, तोंडाकडे. आईच्या ओठांवरून उत्तर येतंय का ते तो बघत होता. हे बघितलं आणि जयानं पेपर मिटून टाकला.

मग शीतलनं सगळं सांगून टाकलं. दुपारी आई झोपली की ती गच्चीच्या जिन्यात बसून दादाला त्याचा धडा वाचून दाखवायची. त्याआधी तो वर्गात बेन वाचायच्या ते ऐकून लक्षात ठेवायचा. "त्याला दोनदा ऐकलं की पाठ होतं, आई. मला तर होत नाही," असं ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. आणि लिहिणं? लिहायचं म्हणजे फळ्यावरचं चित्र काढायचं. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरातलं चित्र काढायचं. म्हणून तर अक्षर इतकं सुरेख! आठ वर्षांची चिमुरडी सहावीचे धडे वाचत होती, सहावीतला पोरगा ते पाठ करत होता, आणि आई ओट्यापाशी कान देऊन खूश होत होती.

"मला का नाही सांगितलंस?" जयानं प्रसादला विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"तू मारलं असतंस."

ते खोटं नव्हतं. तिच्या हातात त्या वेळीसुद्धा फूटपट्टी होती, कधी उचलली ते तिलाही ठाऊक नव्हतं. "एवढी मी तुम्हाला शिकवते, रोज बसवते, आणि तू, तू मला फसवलंस?" तिनं पट्टी वर नेली. प्रसाद मागे सरकला नाही. उलट त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "तुला तरी कुठं येतं? तू पण एसटीची पाटी वाचत नाहीस. रोज विचारतेस, ही वापीची ना, ही वापीची ना. तुला कोण मारतं?"

जयाची पट्टी वरच राहिली. इतकी वर्षं ह्या गावात काढली, दुकानाची पाटी रंगावरून ओळखली, बस माणसांना विचारून पकडली, रॉकेलच्या दुकानावरची सूचना शेजारणीकडून वाचून घेतली आणि वर हसून सांगत फिरली, रेघ नसलेलं मराठी! तिनं पट्टी कपाटावर फेकली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

संध्याकाळी श्रीकांतला कळलं तेव्हा त्याचाही विश्वास बसेना. तो पुन्हा पुन्हा म्हणाला, "पण प्रगतिपुस्तकावर तर चांगलं लिहितात." मग त्यानं खिडकी लावून घेतली. "हळू बोल. कॉलनीत कळलं तर काय राहील आपलं? पुढच्या वर्षी सातवी. शिकवणी लावू, दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर?" जया फुटलीच. "अहो, सातवीत नापास होईल तो, आणि मग शाळा सोडेल. कंपनीत दोरे गुंडाळायला जाईल. त्याच्या हाती काही राहायचं नाही, कळतंय का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी तिनं प्रसादला घेऊन मराठी बाराखडी सुरू केली. छे! पोरगा दगड झाला. ती समोर बसली की त्याला येणारं 'क'सुद्धा येईना. नुसता तिच्या ओठांकडे बघत बसायचा. तिनं गोड बोलून पाहिलं, खाऊ देऊन पाहिलं. त्यानं एकच सांगितलं, "शीतल शिकवेल. तू आत जा." आणि ती आत गेली की बाहेर गुजराती अक्षरांची खुसखुस, खडूची करकर, हसणंसुद्धा ऐकू यायचं. ओट्यापाशी उभी राहून जया ते ऐकायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. शिकवणं हा तिचा प्राण, आणि पोटचं पोर म्हणत होतं, आत जा!

आठवडा सरत आला. शाळा सोमवारी उघडणार असं कॉलनीत कुणीतरी सांगितलं. त्या सकाळी जया स्वयंपाक अर्धा टाकून बाहेर आली आणि सतरंजीवर प्रसादच्या शेजारी बसली. प्रसादनं लगेच पाटी उलटी केली.

"मलाही येत नाही," ती म्हणाली. "मला नको का एसटीची पाटी वाचायला? शीतल, मलाही शिकव."

शीतलला आधी खोटं वाटलं. पुन्हा येऊ लागलेली वैशाली तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसली. पण एकदा मास्तरीण झाल्यावर शीतल काय ऐकतेय! तिनं ओढणी खांद्यावर घेतली, पट्टी हातात घेतली आणि पाटीवर गुजराती अक्षरं काढू लागली. एकेकटी, अंदाजानं शब्द ओळखता येऊ नये अशी. जयाला पहिली दोन आली. 'क' पाहून ती चाट पडली, आपल्या 'क'शी त्याचं काही नातंच दिसेना. मग शीतलनं आणखी एक अक्षर काढलं आणि पट्टी त्यावर टेकवली.

'घ' की 'ध'? वरची रेघ नाही म्हटल्यावर फरक कशावरून ओळखायचा? जयानं डोळे बारीक केले. काही केल्या सुचेना.

"लवकर!" शीतल कडाडली. "कालच शिकवलं ना सगळ्यांना? लक्ष कुठं असतं तुझं? एवढं साधं येत नाही? डोकं आहे का खोकं?"

शब्द न् शब्द जयाचा होता. हेलसुद्धा तिचाच. पट्टी सतरंजीवर फाटकन आपटली आणि जया, चाळिशीला आलेली बाई, खरोखर दचकली. समोरचं अक्षर दिसेनासं झालं. ती नकळत शीतलच्या ओठांकडे बघू लागली.

तेव्हा तिच्या दंडाला प्रसादचं कोपर लागलं. तो समोर पाटीकडेच बघत होता, ओठ हलवत नव्हता, आणि शीतलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं आईला सांगितलं, "घ. घाबरू नको, घ आहे."